घरच्या घरी बाष्पस्नान: वाफेचा तंबू पहिल्यांदा वापरणाऱ्यांसाठी

कंबर धरली, सांधे आखडले किंवा व्यायामानंतर अंग ठणकू लागले की वाफेने शेकून घ्यावेसे वाटणे आपल्याकडे नवे नाही. नवे आहे ते साधन. पंचकर्म केंद्रातील लाकडी पेटीत किंवा मोठ्या व्यायामशाळेतील स्टीम रूममध्ये जी सोय मिळत असे, ती आता घडी करून माळ्यावर ठेवता येईल अशा कापडी तंबूच्या रूपाने घरात आली आहे. सांगाडा, त्यावर चढवायचे जाड अस्तराचे कापड, पुढे चेन, वर डोके बाहेर काढण्यासाठी गोल तोंड आणि बाहेर जमिनीवर ठेवायचे पाणी उकळणारे यंत्र, एवढाच हा संसार असतो. मात्र खोक्यातून निघणारे माहितीपत्रक बहुधा चार चित्रांत आटोपलेले असते आणि ज्या गोष्टी नवख्या माणसाला खरोखर कळायला हव्यात, त्या त्यात क्वचितच सापडतात. त्या येथे क्रमाने मांडल्या आहेत. डोके बाहेर ठेवून, खुर्चीवर बसून वापरायचा तंबू डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. नवशिक्याने तोच प्रकार घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी वाफेचा स्वभाव

फिनलंडमधील पारंपरिक सॉनामध्ये हवा 70 ते 100 अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेली असते आणि तरीही माणसे तेथे आरामात बसतात, कारण ती हवा बरीच कोरडी असते. घाम येतो, वाळतो आणि वाळताना त्वचेची उष्णता घेऊन जातो. वाफेच्या तंबूत तापमान 40 ते 50 अंशांच्या आसपासच असते, परंतु हवा बाष्पाने जवळजवळ पूर्ण भरलेली असल्यामुळे घाम वाळतच नाही. तो नुसता ओघळतो आणि ओघळणाऱ्या घामाने शरीर थंड होत नाही. शिवाय बाहेरची वाफ त्वचेवर येऊन तिचे पाणी होते आणि त्या क्षणी ती आपली सुप्त उष्णता त्वचेला देऊन टाकते. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे 540 कॅलरी उष्णता बाहेर पडते. म्हणूनच यंत्राच्या पडद्यावर 45 हा आकडा पाहून "यापेक्षा नागपूरचा उन्हाळा कडक" असे म्हणणे घातक आहे. त्या उन्हाळ्यात घाम आपले काम करीत असतो. तंबूत तो करू शकत नाही.

यातून वापराची सगळी रीत ठरते. तंबूत बसल्यावर शरीराच्या आतील तापमान हळूहळू चढत राहते, शरीराला ते उतरवण्याचा जवळजवळ एकच मार्ग उरतो, आणि तो म्हणजे बाहेर पडणे. त्यामुळे तापमानाच्या बटणापेक्षा घड्याळ महत्त्वाचे आहे आणि आत शिरण्याआधी बाहेर पडण्याची तालीम महत्त्वाची आहे. पुढे सांगितलेल्या बहुतेक सूचना या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत.

डोके बाहेर ठेवण्यामागेही हेच कारण आहे. श्वासाला खोलीतील हवा मिळते, चेहऱ्यावरचा घाम वाळू शकतो आणि घुसमट होत नाही. आपल्या जुन्या वैद्यकातही हा विचार दिसतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 14व्या अध्यायात स्वेदनाचे, म्हणजे घाम आणण्याच्या उपचाराचे 13 प्रकार सांगितले आहेत आणि हृदय, डोळे व वृषण यांना स्वेदन द्यायचेच झाले तर सौम्य द्यावे किंवा देऊच नये, असे स्पष्ट बजावले आहे. त्याच अध्यायात नाडीस्वेदाचे, म्हणजे भांड्यातील वाफ नळीने अंगावर घेण्याचे वर्णन आहे. ती नळी दोन-तीन ठिकाणी वाकवलेली असावी, म्हणजे वाफेचा प्रखर वेग मोडतो आणि त्वचा भाजत नाही, असे तेथे म्हटले आहे. आजच्या तंबूतही नळीतून येणारी वाफ अंगावर थेट घेऊ नये, हा नियम तोच आहे.

कोणी बसू नये

हा भाग यंत्र विकत घेण्याआधी वाचावा. गर्भवती स्त्रियांनी तंबूत बसू नये. शरीराचे तापमान वाढणे गर्भाला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, अपायकारक ठरू शकते. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, छातीत दुखण्याचा त्रास असणाऱ्यांनी, हृदयाची झडप अरुंद झालेल्यांनी आणि रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी हा प्रयोग डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीशिवाय करू नये. उष्णतेमुळे त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि हृदयाला जास्त वेगाने काम करावे लागते. निरोगी माणसाला हे सहज झेपते, पण रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला उठताना एकदम अंधारी येऊ शकते. फिट येण्याचा आजार असलेल्यांनीही दूर राहावे.

मधुमेह बराच काळ असलेल्या व्यक्तींबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते, कारण आपल्या घरोघरी असे कोणी ना कोणी असते आणि नेमके त्यांच्याच दुखऱ्या पायांसाठी हा तंबू आणला जातो. पायांची संवेदना कमी झालेली असेल तर वाफेच्या तोंडाजवळ पाऊल भाजले तरी कळत नाही, आणि अशा पायाची जखम लवकर भरत नाही. पावलांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर तंबू त्यांच्यासाठी नाही, हे प्रेमाने पण ठामपणे सांगावे.

लहान मुलांना आत बसवू नये. त्यांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते. ताप असताना, जुलाब-उलट्यांनंतर, उघडी जखम किंवा चिघळलेला त्वचाविकार असताना आणि मद्य घेतल्यानंतर तंबू उघडूच नये. अंगावर औषधाची चिकटपट्टी लावलेली असेल तर उष्णतेने त्यातील औषध रक्तात जास्त वेगाने शोषले जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांना विचारावे. अपत्यासाठी प्रयत्न करीत असलेल्या पुरुषांनीही वारंवार बाष्पस्नान टाळावे, कारण उष्णतेने शुक्राणूंची निर्मिती काही काळ घटते. निर्जळी उपवासाच्या दिवशी, मग ती हरितालिका असो वा एकादशी, वाफ घेऊ नये.

विजेची जोडणी

पाणी आणि वीज एकत्र येतात म्हणून येथे घाई चालत नाही. प्रथम यंत्रावरील पट्टी वाचावी. आपल्याकडील वीज 230 व्होल्टची असते, त्यामुळे यंत्र 220 ते 240 व्होल्टचे असल्याची खात्री करावी. अमेरिकेतून येणारे नातेवाईक हौसेने आणून देतात ते यंत्र बहुधा 120 व्होल्टचे असते. ते आपल्या प्लगला लावले तर जवळजवळ चौपट शक्ती ओढून क्षणात जळू शकते आणि एवढा भार पेलणारा ट्रान्सफॉर्मर घेण्यात काही अर्थ नाही. उलट अमेरिकेतच राहणाऱ्या मराठी वाचकांनी हे लक्षात घ्यावे की तेथे 1500 वॉटचे यंत्र साडेबारा अँपिअर ओढते, म्हणून त्याच सर्किटवर त्या वेळी केस वाळवण्याचे यंत्र किंवा हीटर चालवू नये.

आता आपल्या घरातील प्लग. 1000 वॉटचे यंत्र सुमारे 4.3 अँपिअर घेते, म्हणजे 6 अँपिअरच्या लहान प्लगवर ते चालू शकते. 1500 वॉटचे यंत्र साडेसहा अँपिअर घेते आणि तेथे लहान प्लगची मर्यादा संपते. त्यामुळे गिझर किंवा वॉशिंग मशीनसाठी असतो तो 16 अँपिअरचा मोठा प्लगच वापरावा, यंत्र लहान असले तरीही. एक्स्टेन्शन बोर्ड, थ्री-पिनला टू-पिन करणारा ॲडॉप्टर आणि इन्व्हर्टरवरचा प्लग ही तिन्ही वर्ज्य समजावीत. तंबू प्लगपर्यंत न्यावा. प्लग तंबूपर्यंत ओढू नये.

अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसऱ्या छिद्राला वायरच जोडलेली नसते, असे बऱ्याचदा आढळते. मीटरजवळच्या पेटीत 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, असणे हा सर्वांत मोठा आधार आहे. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो, पण माणसाला झटका बसताना वीज तोडण्याचे काम आरसीसीबीच करतो. दोन्ही दिसायला सारखे असल्याने पुष्कळांचा येथे गोंधळ होतो. आरसीसीबीवर चाचणीचे छोटे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून वीज तुटते का ते पाहावे. हा आधार नसेल तर तंबूच्या खर्चाआधी तो खर्च करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

जागा आणि उभारणी

मोठा प्लग बाथरूमजवळ असतो म्हणून तंबूही बाथरूममध्येच लावावा, असे वाटणे साहजिक आहे. ते टाळावे. ओल्या फरशीवर विजेचे यंत्र नको, आणि शहरातील फ्लॅटच्या बाथरूममध्ये 80 ते 90 सेंटीमीटर चौरस तळाचा तंबू मावला तरी बाहेर पडायला जागा उरत नाही. खोलीचा किंवा बंदिस्त बाल्कनीचा कोरडा, सपाट कोपरा चांगला. तंबूच्या चेनसमोर किमान दीड मीटर मोकळी जागा ठेवावी. त्या वाटेत यंत्राची वायर किंवा नळी येता कामा नये. खिडकी थोडी उघडी असावी, म्हणजे बाष्प भिंतीत मुरणार नाही. पंख्याचा झोत मात्र उघड्या डोक्यावर नको.

सांगाड्याच्या कांड्या जोडताना प्रत्येक जोड शेवटपर्यंत बसल्याचा आवाज किंवा स्पर्श जाणवला पाहिजे. कापड चढवताना जोर लागत असेल तर कांड्यांचा क्रम चुकलेला असतो. तेथे ओढाताण केली की शिवण उसवते. खाली आधी जुनी सतरंजी, तिच्यावर तंबूचा तळ आणि आत घसरणार नाही असे रबरी तळाचे पायपुसणे, असा क्रम ठेवावा. खुर्चीच्या चारही पायांखाली जाड कापडाच्या घड्या द्याव्यात, नाहीतर थोड्याच दिवसांत तळाला भोके पडतात. खुर्ची लोखंडी असेल तर तिच्यावर पूर्ण झाकेल असा टॉवेल हवा. उघड्या मांडीला तापलेले लोखंड लागले की माणूस दचकून उठतो आणि तंबू सोबत घेऊन कलंडतो.

वाफेच्या नळीसाठी तंबूच्या खालच्या बाजूला छिद्र असते. नळी आत घेऊन तिचे तोंड खुर्चीच्या मागच्या किंवा बाजूच्या कोपऱ्याकडे वळवावे, पायांकडे कधीही नाही. त्या तोंडातून निघणारी वाफ जवळजवळ 100 अंशांची असते आणि विती-दोन वितींच्या अंतरावरही ती भाजू शकते. सोबत प्लास्टिकचे जाळीदार टोपण किंवा कापडी पिशवी आली असेल तर ती जरूर लावावी. नळी यंत्रापासून तंबूपर्यंत कोठेही मोडू नये आणि मध्येच झोळासारखी लोंबूही नये, कारण त्या खोलगट भागात थंड झालेल्या वाफेचे पाणी साचते, वाट अडते आणि मग उकळते पाणी थुंकल्यासारखे बाहेर उडते. यंत्र तंबूच्या बाहेर, हातभर अंतरावर, उघड्या फरशीवर ठेवावे. गादी, पडदा किंवा सोफा त्याच्याजवळ नसावा.

पाणी

पाणी मोजके आणि स्वच्छ हवे. बोअरवेलचे जड पाणी वापरले की दोन-चार आठवड्यांतच यंत्राच्या आत पांढऱ्या क्षारांचा थर दिसू लागतो. मग पाणी उशिरा तापते आणि विजेचे बिलही वाढते. फिल्टरचे किंवा आरओचे पाणी बहुतेक यंत्रांना चालते. अपवाद एकच. काही स्वस्त यंत्रांत तापणारी कॉइल नसून पाण्यातून वीज जाऊ देणाऱ्या दोन पट्ट्या असतात, आणि अशा यंत्रात क्षार नसलेले पाणी घातले तर वाफच तयार होत नाही. पाणी थेट विजेच्या संपर्कात असलेले असे यंत्र नवशिक्याने घेऊच नये. विकत घेताना दुकानदाराला हे नक्की विचारावे.

टाकी किमान आणि कमाल या दोन खुणांच्या मध्ये भरावी. 1000 वॉटचे यंत्र 25 अंशांचे दोन लिटर पाणी उकळायला साधारण दहा-अकरा मिनिटे घेते आणि त्यानंतर वीस मिनिटांत जेमतेम अर्धा लिटर पाण्याची वाफ करते. म्हणजे दोन लिटर पाणी पुरून उरते. काठोकाठ भरण्याची गरज नाही आणि मध्येच झाकण उघडून पाणी वाढवण्याचीही नाही. चालू यंत्राचे झाकण उघडणे हा या साधनातील सर्वांत मोठा धोका आहे. झाकण उघडायचेच असेल तर प्लग काढावा, वाफ पूर्ण थांबू द्यावी, पंधरा-वीस मिनिटे वाट पाहावी आणि तोंड दूर ठेवून हळूच फिरवावे.

निर्गुडीचा पाला, ओवा किंवा गवती चहा वाफेत असावा, ही इच्छा रास्त आहे, पण यांपैकी काहीही टाकीत टाकू नये. पाने वाफेच्या वाटेत अडकतात, आत दाब वाढतो आणि झाकण उडू शकते. यंत्राला वनस्पतींसाठी वेगळी जाळीची डबी असेल तर तिच्यात टाकाव्यात; नसेल तर विरळ सुती कापडाची पुरचुंडी करून नळीच्या तोंडापुढे विती-दोन वितींवर, वाट न अडवता टांगावी. निलगिरी, पुदिना यांची तेले आणि कापूर टाकीत घालू नयेत. त्यांनी प्लास्टिक व रबर खराब होते आणि दाट वाफेत त्वचेची व डोळ्यांची आग होते.

कोरडी तालीम

यंत्र बंद ठेवून, कपडे घालूनच एकदा आत बसावे. चेन आतून उघडता येते का, ते पाहावे. ज्याची चेन फक्त बाहेरून उघडते, तो तंबू परत करावा. डोळे मिटून चेनचा गोंडा हाताला सापडला पाहिजे. सापडत नसेल तर त्याला नाडीचा लांब तुकडा बांधावा. बहुतेक तंबूंना हात बाहेर काढण्यासाठी दोन बाजूंना फटी असतात. त्यांतून हात आत घेणे, चेन उघडणे, मान गोल तोंडातून सोडवणे आणि उभे राहून बाहेर पाऊल टाकणे, हे सगळे तीन-चार वेळा सावकाश करावे. चक्कर आलेल्या, घामाने निसरड्या झालेल्या माणसाला तेच करायचे आहे, हे मनात ठेवून करावे. घरात जो सोबत असणार आहे त्यालाही बाहेरून चेन उघडणे आणि भिंतीवरचे बटण बंद करणे दाखवून द्यावे.

त्यानंतर यंत्र एकदा रिकाम्या तंबूत दहा-पंधरा मिनिटे चालवावे. नव्या कापडाला आणि नळीला जो उग्र वास असतो तो बराचसा निघून जातो, आणि पाणी कोठून गळते, वाफ कोठून सुटते, तेही कळते. प्लगची पिन आणि वायर या वेळी हात लावून पाहावी. कोमट असेल तर ठीक. चटका बसण्याइतकी गरम असेल तर प्लग सैल आहे असे समजून वायरमनला बोलवावे.

पहिल्या दिवशी

दिवस निवडताना ऋतू पाहावा. थंडीचे दिवस आणि पावसाळ्यातील गार संध्याकाळ उत्तम. विदर्भ-मराठवाड्यातील मे महिना किंवा मुंबई-कोकणातील ऑक्टोबरचा उकाडा यांत शरीर आधीच उष्णतेशी झगडत असते, तेव्हा तंबू घडी करूनच ठेवावा.

जेवणानंतर दोन तास गेलेले असावेत, पण पोट अगदी रिकामेही नसावे. बसण्याआधी अर्धा तास एक-दोन पेले पाणी प्यावे. अंगठ्या, साखळी, मंगळसूत्र, घड्याळ, चष्मा आणि कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवाव्यात, कारण धातू त्वचेपेक्षा लवकर तापतो. मोबाइल आत नेऊ नये. आधी अंगाला तेल लावण्याची प्रथा आहे आणि वैद्य ती सांगतात, तरीही घरच्या तंबूत पहिल्या काही वेळा तेलाशिवायच बसावे. तेलकट तळवे आणि ओला तळ यांनी पाय घसरतो, शिवाय कापडातील तेल पुढे खवट वास धरते. सुती अंतर्वस्त्र किंवा पंचा पुरेसा आहे.

प्लग लावताना हात कोरडे असावेत. यंत्र लहानात लहान आकड्यावर सुरू करावे. वाफ येऊ लागली की आत बसावे, म्हणजे तंबू आणि शरीर बरोबरच तापतात. आधी तंबू तापवून त्यात शिरणे सरावलेल्यांसाठी ठीक आहे. चेन वरपर्यंत बंद न करता चार बोटे उघडी ठेवावी. मानेभोवती टॉवेल गुंडाळावा, म्हणजे वर येणारी वाफ चेहऱ्यावर आदळत नाही. घड्याळ समोर दिसेल असे ठेवावे आणि सोबतच्या व्यक्तीला वेळ सांगून ठेवावी.

पहिल्या दिवशी तंबू गरम झाल्यावर पाच ते सात मिनिटे, एवढेच. "अजून घामसुद्धा आला नाही" असे वाटले तरी उठावे. शरीर या उष्णतेला कसे उत्तर देते, हे पाहण्याचा तो दिवस आहे, आणि त्याचा काही भाग उठल्यानंतरच्या अर्ध्या तासात कळतो. त्रास झाला नाही तर पुढच्या खेपेला तेवढाच वेळ ठेवावा, मग दहा मिनिटे, मग काही आठवड्यांनी पंधरा. वीस मिनिटांच्या पलीकडे घरी कोणीही जाऊ नये.

आत बसल्यावर श्वास नाकाने, नेहमीच्या गतीने घ्यावा. अंग सैल सोडावे, पण डोळा लागू देऊ नये. डोके हलके होणे, मळमळ, छातीत धडधड, डोकेदुखी, कानात गुंजन किंवा घाम येता येता एकदम थांबणे यांपैकी एकही लक्षण दिसले की वेळ कितीही उरली असली तरी बाहेर पडावे. चरकाच्या त्याच अध्यायात पुरेसे स्वेदन झाल्याची खूण म्हणून थंडी व दुखणे शमणे, अंगाचा ताठरपणा व जडपणा जाणे, अंग मऊ होणे आणि घाम येणे सांगितले आहे. म्हणजे तेथेही थांबण्याची वेळ शरीराकडे पाहूनच ठरते, आणि घड्याळाची मर्यादा पाळूनही ही खूण आधी आली तर तेथेच थांबणे योग्य.

बाहेर पडताना आणि नंतर

सोबतच्या व्यक्तीने आधी भिंतीवरचे बटण बंद करावे. मग चेन पूर्ण उघडावी, पण लगेच उभे राहू नये. उष्णतेने रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांमुळे रक्त पायांकडे उतरलेले असते आणि एकदम उठल्यास मेंदूला क्षणभर कमी पडते. बहुतेक पडझड नेमकी येथेच होते. खुर्चीवर एक-दोन मिनिटे बसून पाय हलवावेत, खुर्चीच्या पाठीला धरून उठावे आणि कोरड्या टॉवेलवर पाऊल टाकावे. अंग पुसून पाच-दहा मिनिटे शांत बसावे. नंतर कोमट पाण्याने अंघोळ करावी. बर्फासारखे गार पाणी एकदम अंगावर घेण्याची फिनलंडची रीत नवशिक्याने घरी करू नये. रक्तदाब त्या धक्क्याने झपाट्याने चढतो.

गेलेले पाणी भरून काढण्यासाठी ताक, मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी किंवा कोकम सरबत चांगले. थोडे थोडे करून प्यावे. लघवी गडद पिवळी होत असेल तर अजून पाणी कमी पडते आहे. अंग हलके वाटेल, झोप चांगली लागेल, आखडलेले स्नायू काही तास मोकळे वाटतील. एवढे फळ मिळाले तर साधन सार्थकी लागले. चरबी वितळते किंवा शरीरातील विषे घामावाटे निघून जातात, ही जाहिरातीतील वाक्ये मात्र बाजूला ठेवावीत. काट्यावर जे अर्धा किलो कमी दिसते ते पाणी असते आणि दोन पेले प्यायल्यावर परत येते. शरीरातील नको असलेली द्रव्ये बाहेर काढण्याचे काम मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडे करतात. घाम जास्त निघावा म्हणून पाणी न पिता बसणे किंवा दिवसातून दोनदा बसणे यांतून त्रासच वाढतो. आठवड्यातून दोन, फार तर तीन वेळा बसणे नवशिक्याला पुरेसे आहे.

वाळवण आणि देखभाल

तंबू घाईत घडी केला तर त्याचा जीव पावसाळ्यापुरताच. बसून झाल्यावर आतील बाजू कोरड्या कापडाने पुसावी, तळाचे पाणी टिपावे, चेन सताड उघडी ठेवून तंबू पंख्याखाली तीन-चार तास उभाच ठेवावा. कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हवाच दमट असल्यामुळे एक रात्रही कमी पडते. तेथे या महिन्यांत तंबू काढून ठेवण्याऐवजी उभाच ठेवणे शहाणपणाचे. शिवणींवर काळे ठिपके दिसू लागले तर ती बुरशी आहे. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसावे आणि सावलीत वाळवावे. कडक उन्हाने आतील चकचकीत अस्तर सुटते. टॉवेल आणि खुर्चीवरचे कापड प्रत्येक वेळी धुवावे. एकाहून अधिक माणसे तंबू वापरत असतील तर प्रत्येकाचा टॉवेल वेगळा असावा.

यंत्र पूर्ण थंड झाल्यावर टाकीतील उरलेले पाणी प्रत्येक वेळी ओतून द्यावे आणि झाकण उघडे ठेवून ती वाळू द्यावी. नळी उभी टांगून आतले पाणी निथळू द्यावे. क्षारांचा थर दिसला की एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व विरघळवून ते टाकीत अर्धा-पाऊण तास ठेवावे, ओतून द्यावे आणि दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने खळबळावे. थर चाकूने किंवा तारेच्या घासणीने खरवडू नये. त्यानंतरचे पहिले उकळवण रिकाम्या तंबूत करावे. झाकणाची रबरी चकती कडक झाली, नळीला चीर गेली किंवा वायर प्लगजवळ काळपट दिसली तर तो भाग बदलेपर्यंत यंत्र वापरू नये. तंबू बरेच दिवसांनी माळ्यावरून खाली काढला असेल तर या तीन जागा तपासून, एकदा रिकाम्या तंबूत वाफ चालवून, मगच पुन्हा पाच मिनिटांपासून सुरुवात करावी.